मिल्ट्रीचा माल

नागपूरला बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात मोजे घेत होतो. शेजारच्या गाड्यावर हिरव्या चट्ट्यापट्ट्यांच्या बर्मुड्यांचा ढीग. "घ्या ना भाऊ, ओरिजनल मिल्ट्रीचा माल हाय." ओरिजनल मिल्ट्रीच्या खिशावर कवटी कधीपासून आली, हे अगदी ओठावर आलं होतं.

नागपूरकराला फौज तशी परकी नाही. कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर, इकडे वायुसेनानगर, आणि फौजेच्या ताब्यातला बर्डीचा किल्ला तर १५ ऑगस्ट-२६ जानेवारीला आपल्यासाठी उघडतोच. म्हणूनच की काय, त्या छापाचं इथं कुणाला काही वाटत नाही. टेम्पोवाला, डीजेवाली पोरं, सकाळी फिरायला निघालेले आजोबा, सगळे जंगलात मोहिमेवर निघाल्यासारखे. माझीही हरकत नाही. माझं घोडं अडतं ते बिल्ल्या-फितींपाशी.

आमच्या शेजारी एक रिटायर्ड हवालदार काका होते. एका थंडीत त्यांनी आपला फौजेतला जुना, उबदार अंगोला शर्ट दूधवाल्याला द्यायचं ठरवलं. द्यायच्या आधी ओसरीवर बसून, दाढीचं अर्धं पातं घेऊन बाहीवरच्या हुद्द्याच्या तीन फिती उसवू लागले. टाका उचलायचा, कापायचा, चिमटीत धरून ओढायचा. धागे गोळा करायचं काम माझ्याकडे. काकू आतून ओरडल्या, "अहो, म्हशींमध्ये घालणार तो! कोण पाहते तिथं?" काका मान वर न करता म्हणाले, "शर्ट माझा आहे, देतो. फिती पलटणीच्या."

फिती निघाल्या, पण खालचं कापड गडदच राहिलं होतं. तो शर्ट विरेपर्यंत दूधवाला हवालदारच दिसायचा.

कायदाही साधारण काकांच्याच बाजूचा. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ हेतू विचारतं: लोकांनी सैनिक समजावं म्हणून तसा वेष केला किंवा तशी खूण मिरवली, तर ३ महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावरचे हल्लेखोर लष्करी वेषातच आले होते. त्यानंतर लष्करानं लोकांना आणि दुकानदारांनाही असे कपडे टाळायला सांगितलं. ते पटतं. नाक्यावरच्या जवानाला हेतू लांबून कसा दिसणार?

वरातीतल्या बँडवाल्याचं मात्र काय करायचं, कळत नाही. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पदकांची रांग, डोक्यावर तुरा. हुद्दा थेट जनरलच्या वरचा. पण भर मे महिन्यात त्या कोटात घामानं निथळत क्लॅरिनेट फुंकणाऱ्याला सैनिक समजणार कोण? सुटला बिचारा. वाजव बाबा.