आमची वाटचाल: पिग्मीच्या हिशेबापासून पॅचच्या वेळापत्रकापर्यंत

सांगलीत आम्ही कामाला लागलो ते पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरवर. सभासद, ठेवी, कर्ज, पिग्मी, दिवसअखेरचा रोजमेळ, मार्चअखेरचा ताळेबंद. धंद्याची रीत सरळ होती. सॉफ्टवेअर एकदा विकायचं, स्टाफला शिकवायचं आणि पुढे देखभालीपोटी वर्षाला थोडी रक्कम घ्यायची. देखभाल म्हणजे व्याजदर बदलणं, नवा रिपोर्ट काढून देणं, पासबुक प्रिंटर ओळ चुकवतोय ते बघणं. सॉफ्टवेअरच्या पोटात कुणाकुणाच्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे, आहेत हे कुठल्या चेअरमननी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

पहिली आवृत्ती डेस्कटॉपवरची, जावा या प्रोग्रामिंग भाषेतली. नोटाबंदीनंतर मागणी बदलली. पिग्मी एजंटना बाजारात उभ्या उभ्या भरणा चढवायचा होता, संचालकांना घरबसल्या थकबाकी बघायची होती. म्हणून स्प्रिंग बूट या जावाच्या तयार सांगाड्यावर वेब आवृत्ती केली. धंदा वाढला तो तिच्या जोरावर, पण तिच्यामुळेच संस्थेचा सर्व्हर पहिल्यांदा इंटरनेटला उघडा झाला.

१० डिसेंबर २०२१ च्या शुक्रवारी लॉगफोरजेची बोंब उठली. नोंदी लिहिणारी ही लायब्ररी. तिच्या २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत एक नसती सोय होती: नोंदीच्या मजकुरात डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि आत जेएनडीआयचा (जावाची बाहेरून गोष्टी शोधून आणायची सोय) पत्ता आला, की तो मजकूर नुसता लिहून न ठेवता लायब्ररी त्या पत्त्यावर जायची. तिथून आलेला कोड आपल्या सर्व्हरवर चालवता यायचा. लॉगिन चुकलं की आपण टाकलेलं नाव लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, जातं, म्हणजे पासवर्ड ठाऊक नसलेल्या माणसालाही नावाच्या चौकटीत एक ओळ टाकणं पुरेसं. तीव्रता दहापैकी दहा.

स्प्रिंग बूट मुळात लॉगबॅक ही नोंदींची दुसरी लायब्ररी वापरतं. दिवसअखेरीला नोंदींचा लोंढा येतो म्हणून आम्ही लॉगफोरजे २ निवडलं होतं, त्यामुळे सुटका नव्हती. सॉफ्टवेअर बांधणाऱ्या मेव्हन या साधनातून डिपेंडन्सीचं झाड, म्हणजे कुठली लायब्ररी कुणावर अवलंबून आहे त्याची यादी, काढलं. नावं भरपूर दिसली, पण धोका फक्त ‘लॉगफोरजे-कोर’मध्ये होता. ‘एपीआय’वाली जार (लायब्ररीची फाइल) एकटी असेल तर घाबरायचं कारण नव्हतं. पॉम या मेव्हनच्या फाइलमध्ये आवृत्तीची एक ओळ बदलली, पुन्हा बिल्ड केलं, म्हणजे सॉफ्टवेअर नव्यानं बांधलं. कामाचा हा भाग चहा निवेपर्यंत उरकला.

खरं काम पुढे होतं. दोष बुजवणारी २.१५.० आवृत्ती अपुरी ठरली, १३ तारखेला २.१६.० आली, त्याच आठवड्याच्या शेवटी २.१७.०, आणि २८ ला २.१७.१. दर खेपेला प्रत्येक संस्थेच्या सर्व्हरवर जायचं, आधी बॅकअप, मग नवी फाइल, मग एक भरणा आणि एक उचल करून बघायची. एका मॅनेजरनी वैतागून विचारलं, “अहो साहेब, परवाच केलंत की! चाललंय ते चालू दे की जरा.” त्यांचं चुकत नव्हतं, कारण त्यांच्या स्क्रीनवर काहीच बदललेलं दिसत नव्हतं. मी त्यांना लॉग उघडून दाखवला. ब्राउझरची ओळख लिहितात त्या जागी कुणीतरी परक्या पत्त्यासकट तीच महिरप पाठवली होती. “आपल्या गावातल्या संस्थेत कोण येणार?” हा प्रश्न तिथंच थांबला. असे प्रयत्न यंत्रं करतात, त्यांना गावाचं नावही माहीत नसतं.

एका ठिकाणी सर्व्हर जावा ७ वर अडकलेला. २.१७ ला जावा ८ लागतं. तिथं ७ साठी काढलेली २.१२.४ बसवली. डेस्कटॉप आवृत्तीत लॉगफोरजे १.२ होतं. हा दोष त्यात नव्हता, पण त्याला ऑगस्ट २०१५ नंतर कुणी वाली उरला नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये त्याच मूळ कोडवरून रीलोडफोरजे आलं. आधीची जार काढून ते ठेवलं, कोडला हात लावावा लागला नाही.

त्या हिवाळ्यानंतर करार बदलले. देखभालीच्या रकमेत लायब्रऱ्या अद्ययावत ठेवण्याचं कलम वेगळं घातलं, त्याचे पैसे वेगळे लावले. काहींनी कुरकुर केली. मग २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश आले: सायबर घटना सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे. त्यानंतर संचालक मंडळापुढे हा विषय मांडणं सोपं झालं.

सगळ्यात जड गेलं ते स्प्रिंग बूट ३ वर जाणं. जावा १७ हवं, आणि ‘जावएक्स’ची बरीच पॅकेजेस (कोडचे गट) ‘जकार्ता’ नावानं. फाइलमागून फाइल बदलत गेलो. नाव बदलणं यंत्रानं केलं, पण जुनी रिपोर्ट लायब्ररी नव्या नावांना ओळखेना, ती बदलावी लागली आणि मुदत ठेवीच्या पावतीचा साचा नव्यानं जुळवावा लागला. ग्राहकाला यातून नवं बटण एकही मिळालं नाही. तरीही मी ते केलं, कारण स्प्रिंग बूट २.७ चा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्ये संपणार होता आणि नंतरचा दोष आम्हाला एकट्याला निस्तरावा लागला असता.

आता ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेच्या संस्थेचं डिपेंडन्सी-चेक, लायब्रऱ्यांतले माहीत असलेले दोष शोधणारं साधन, दर बिल्डला चालतं. ते उगाच ओरडतंही बरंच, म्हणून यादी वाचायला एक मुलगी नेमली आहे. कुठला दोष आपल्या वाटेवर येतो आणि कुठला नाही, हे ती लिहून ठेवते. मार्चअखेरीला एरवी कुठलाही बदल करत नाही, सुरक्षेचा पॅच, म्हणजे दोष बुजवणारी दुरुस्ती, तेवढा अपवाद. लायब्रऱ्या अद्ययावत ठेवण्याचं कलम नको म्हणणाऱ्या संस्थांना आम्ही वेब आवृत्ती देत नाही. त्यांना डेस्कटॉप, ऑफिसातल्या ऑफिसात, इंटरनेटला न जोडता. पिग्मी एजंटना मात्र संध्याकाळी येऊन वहीवरून भरणा चढवावा लागतो.