बिनाका नोंदी: ‘ल’ म्हणजे लता नव्हे!

बिनाका गीतमाला, म्हणजे रेडिओ सिलोनवरचा हिंदी सिनेगीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम. जुन्या श्रोत्यांच्या वह्यांवरून मी तिच्या याद्या जुळवतोय आणि गुण मांडतोय. त्यातलं तीन महिन्यांचं काम पुसलं. म्हणजे अक्षरशः, एक्सेलमधला अख्खा ‘गायक’ रकाना उडवला.

बार्शीच्या एका श्रोत्याची वही आठवतेय ना? १९६० ते ६२, दर बुधवारी रात्री आठला सिलोन लावून लिहिलेली. तारीख, पायदान (म्हणजे गाण्याचा क्रमांक), मुखडा, बस्स. गायकाचं नाव कुठेच नाही, फक्त काही ओळींपुढे बारीक शाईत ‘ल’.

मागच्या नोंदीत मी ऐटीत जाहीर केलं होतं की दोन आवाजांचा पेच सुटला. पेच आपल्या सगळ्यांचाच. ‘एहसान तेरा होगा’ रफीचंही आहे आणि लताचंही. १९६२च्या वार्षिक यादीत ते पहिलं, पण कुणाचं? १९६०चं पहिलं ‘जिंदगी भर नहीं भूलेगी’, तेही एकदा रफीचं एकट्याचं, एकदा दोघांचं. ‘ल’ म्हणजे लता असं धरून मी धडाधड गुण वाटत सुटलो.

गेल्या रविवारी १९६१ भरताना ‘तेरी प्यारी प्यारी सूरत को’पुढे ‘ल’. हे तर रफीचं सोलो! वाटलं, लिहिणाऱ्याचा हात चुकला. पान उलटलं, तर पुन्हा तेच.

वहीवाल्या काकांना फोन लावला. ते हसतच सुटले. “अरे बाबा, ल म्हणजे लाईट! लाईट गेली की पुढची गाणी दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांना विचारून लिहायचो.”

मग दिसायला लागलं. ‘ल’ कधी सुटा येतच नाही, रांगेने येतो. सहाव्या पायदानापासून थेट पहिल्यापर्यंत सलग सहा ‘ल’, आणि मी त्याला लताचा सुवर्णकाळ समजत होतो! गीतमाला सोळापासून वर चढायची, म्हणजे साडेआठनंतर लाईट गेली की नेमकी वरचीच पायदानं ऐकीव.

एक समाधान मात्र आहे. वहीतल्या सगळ्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या, एकूण एक बुधवार. मागे पैसे मोजून घेतलेल्या ‘संपूर्ण यादी’च्या पीडीएफमध्ये गुरुवारही होते आणि शनिवारही. असल्या याद्या विकत घेऊ नका.

आता गायक बाजूला ठेवून ‘ऐकलेलं / ऐकीव’ असा नवा रकाना करतोय. ऐकीव नोंदीला अर्धे गुण द्यावेत असा विचार होता, पण हे लिहितालिहिताच लक्षात आलं: बार्शीचीच ती दुसरी वही, जी पहिलीशी जुळते म्हणून मी नाचलो होतो, ती त्याच शाळेतल्या मुलाची आहे. दोघांनी एकमेकांचं उतरवलं असेल तर ती साक्ष एकच झाली. म्हणजे अर्धे गुण रद्द, ऐकीव नोंदींना शून्य. आधी लांबच्या गावची वही हवी. नागपूर, इंदूर, कुठलीही चालेल. झुमरी तिलैया या गावातून तेव्हा फर्माइशींचे ढीग यायचे म्हणतात, वही मात्र एकही हाती लागत नाही.

जाता जाता: जुन्या बाजारात ‘ससुराल’ची (‘तेरी प्यारी प्यारी’चा सिनेमा) मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी मिळाली. विकणारा स्पिरिटने पुसून देत होता, त्याचा हातच धरला. लाखेची आहे ती, विरघळेल! घरी आणून पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसली, ७८ची जाड सुई लावली. कडेला केसाएवढी चीर आहे, दर फेऱ्याला टक्क वाजतं, पण रफी स्वच्छ.

१९६२ची वही कुणाकडे असेल तर ‘एहसान’पुढे काय लिहिलंय तेवढं पाहून कळवा. माझ्या वहीत तिथेही ‘ल’च आहे.