बोट उलाळ होत होती म्हणून ट्रिम टॅब बसवले

आमच्या इकडं गोसेखुर्दचं बॅकवॉटर पार अंभोऱ्यापर्यंत चढतं. वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन नद्यांचा संगम आहे तिथं, आणि आता तो मोठा केबलचा पूल झाल्यापासून रविवारी माणसं लय येतात. माझी १७ फुटाची फायबर बोट आहे, मागं ६० एचपीचं इंजिन. दोघं-तिघं असले की मस्त चालते, पण सहा-सात जण बसले आणि त्यातले चार मागच्या सीटवर गेले की एक्सीलेटर दिल्यावर बोटीचं तोंड असं वर जायचं की स्टिअरिंगवरून मला पुढं फक्त आभाळ दिसायचं. ज्यांनी बैलगाडी हाकली त्यांना एका शब्दात कळेल, बोट उलाळ होत होती. मागं वजन जास्त झालं की जू वर उचलतं, तसंच.

मी बरेच दिवस चालवून घेतलं. मग मागच्या जानेवारीत एका सकाळी धुकं होतं, मी पवनीकडून परत येत होतो, तोंड वर, आणि एकदम उजव्या बाजूला पंधरा-वीस फुटावर एक डोंगा. ढिवर समाजाचे एक म्हातारे बाबा जाळं ओढत होते, वाकून, त्यामुळे डोंगा आणि माणूस मिळून पाण्याच्या वर दोन फूटसुद्धा नसतील. मी स्टिअरिंग फिरवलं, लाट त्यांच्या डोंग्यात गेली, जाळं हातातून सुटलं. थांबून परत गेलो तर बाबा पाणी उपसत होते. मला म्हणाले, "काहून रे बाबू, तुयी बोट आभायाकडं पायते का चालताना?" मला काही बोलता आलं नाही. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेला नाही, कारण या पाण्यावर पोट असणारी माणसं पहाटे डोंग्यातच असतात आणि त्यांना चुकवायची जबाबदारी आपली आहे, त्यांची नाही.

तर ट्रिम टॅब. बोटीच्या मागच्या फळीला, बुडाच्या अगदी काठाला, बिजागरीवर बसवलेल्या दोन स्टीलच्या पट्ट्या, एक डावीकडं एक उजवीकडं. पट्टी खाली केली की बुडाखालून येणारं पाणी तिच्यावर आदळून खाली वळतं आणि बदल्यात पट्टीला वर ढकलतं, म्हणजे मागची बाजू उचलते आणि तोंड खाली येतं. एवढंच काम. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, टॅब तोंड फक्त खाली आणू शकतात, वर नाही नेऊ शकत. वर न्यायचं काम इंजिनच्या ट्रिमचं, म्हणजे इंजिन आत-बाहेर कलवायचं. त्यामुळे बोट आधीच धुरजड, म्हणजे तोंडाकडं जड असेल तर टॅब लावून पैसे पाण्यात.

म्हणून खरेदीच्या आधी मी महिनाभर फक्त वजन हलवून पाहिलं. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही उजवीकडं मागं होत्या आणि मीही उजवीकडंच बसतो. बॅटरी पुढच्या सीटखाली नेली, लांब वायर टाकली, इंजिन खाली पूर्ण आत घेऊन सुरुवात करायची सवय लावली. फरक पडला, बराच पडला. पण सहा माणसांना तेवढं पुरेना आणि पूल जवळ आला की सगळे फोटोसाठी एका बाजूला सरकतात, त्याला वजन हलवणं हा उपाय नाहीच.

मग निवडायची वेळ आली. एक प्रकार गॅसच्या दांड्यावर चालणारा, बाहेर स्मार्ट टॅब म्हणून मिळतो. वायर नाही, बटण नाही, हळू चालताना दांडा पट्टी खाली दाबून ठेवतो, स्पीड वाढला की पाण्याच्या जोरानं पट्टी आपोआप वर जाते. आमच्या पाण्याला हा प्रकार चांगला, कारण धरणात बुडालेल्या झाडांची खुंटं अजून पाण्याखाली आहेत आणि काही अडकलं तर पट्टी वर उचलली जाते. पण त्यात डावी-उजवी वेगळी करता येत नाही आणि मला नेमकं तेच पाहिजे होतं. दुसरा प्रकार हायड्रोलिक, बेनेट वगैरे, आत पंप आणि तेलाची टाकी. तिसरा इलेक्ट्रिक, लेन्को वगैरे, प्रत्येक पट्टीला आपली छोटी मोटर, तेल नाही. माझ्या छोट्या बोटीत पंपाला जागा काढायची म्हणजे हाल, मी इलेक्ट्रिक घेतले.

साईजचा ठोकताळा असा आहे की बोटीच्या प्रत्येक फुटामागं प्रत्येक बाजूला एक इंच रुंदी. म्हणजे मला १७-१८ इंच रुंद आणि ९ इंच लांब पट्टी पाहिजे होती. लांब पट्टीपेक्षा रुंद पट्टी चांगली, हे सगळेच सांगतात. पण माझ्या बुडाला कडेपासून १७ इंचावर एक उभार पट्टा आहे आणि कडेपासून तीन-चार इंच सोडावे लागतात, म्हणून १८ इंची बसेना. शेवटी १२ बाय १२ घेतले. रुंदी कमी पडली ती लांबीतून भरून काढली, जागा नसेल तेव्हा असंच करतात. इंजिनकडची बाजूही मोकळी राहिली, नाहीतर टॅबवरून आलेलं फेसाळ पाणी पंख्यात जातं आणि पंखा नुसता फिरतो.

बसवायचं काम मे महिन्यात केलं, बोट ट्रॉलीवर काढून मोहाच्या झाडाखाली. पहिल्याच दिवशी धक्का बसला. मागच्या फळीला मासे दिसायच्या मशीनचा सेन्सर होता, तो आधी एकाकडून बसवून घेतला होता आणि त्यानं छिद्रं नुसती सिलिकॉननं बुजवली होती. स्क्रू काढला तर त्यासोबत काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा भुसा बाहेर आला. फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि ते सडायला लागलं होतं. बोटाच्या पेरानं फळी ठोकत गेलो, जिथं चांगली तिथं टणक आवाज, या जागी भद्द. नशीब की हातभराच्या आतच होतं. खराब लाकूड कोरून काढलं, चार दिवस ४५ डिग्रीच्या उन्हात वाळू दिलं, मग एपॉक्सी भरली. टॅबसाठी नवीन छिद्र पाडलं तेव्हा ड्रिलच्या टोकाला कोरडा पिवळा भुसा आला, तो पाहून जीव भांड्यात पडला.

ड्रिल करताना वरचा चकचकीत थर तडकतो, म्हणून आधी चिकटपट्टी लावा, मग ड्रिल उलटं फिरवत सुरुवात करा, थर कापला गेला की सुलटं. प्रत्येक छिद्रात एपॉक्सी. पट्टीचा कोन बघायला मी गवंडी मामाजींकडून ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणली, ती बुडाला लावून मागं काढली आणि टॅब पूर्ण वर असताना त्याचं मागचं टोक त्या रेषेच्या अर्धा-पाऊण इंच वर ठेवलं. नाहीतर टॅब वर घेतले तरी ते पाण्यात घासत राहतात आणि तोंड कायम दाबलेलं राहतं.

सीलंट पॉलीयुरेथेनचं वापरा, पाण्याखाली सिलिकॉन नाही. आणि हे कुठं लिहिलेलं दिसत नाही पण आमच्या भागात महत्त्वाचं आहे, हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं. आमच्या मेच्या हवेत ओलावा कुठं? वरून साय धरते, आतून चिखल. मी पहाटे पाचला लावलं, बाजूला ओली गोणपाटं टांगली आणि पूर्ण आठवडा बोटीला हात लावला नाही.

वायरिंगमध्ये मी चुकलो. डाव्या बटणाला डावा टॅब जोडला, सरळ वाटलं. पाण्यात गेलो, बोट डावीकडं झुकली होती, डावीकडचं तोंड उचलायला उजवं बटण दाबलं तर आणखी डावीकडं. बटणं तोंडाच्या हिशोबानं असतात, टॅबच्या हिशोबानं नाही. डावं बटण उजवा टॅब खाली नेतं, उजवी मागची बाजू उचलते आणि डावीकडचं तोंड खाली बसतं. वायरी अदलाबदल केल्या, झालं. फ्यूज मात्र कंपनीनं सांगितलेला २० अँपिअरचाच टाका.

आता चालवताना. बटण दाबून धरायचं नाही, टुक करून दाबायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, बोट काय म्हणते ते पाहायचं, मग परत टुक. आधी माझी बोट सहा माणसांत ताशी २८ च्या खाली आली की पाण्यावरून परत खाली बसायची, आता २२ लासुद्धा पाण्यावर टिकते, मोबाईलच्या जीपीएसवर पाहिलंय. दुपारचा वारा बाजूनं असला की व्ही बुडाची बोट उलट वाऱ्याकडंच कलते, कारण सरळ जायला स्टिअरिंग वाऱ्याकडं धरावं लागतं. वाऱ्याकडचा टॅब थोडा खाली केला की सरळ. पण जास्त केलं तर बोट धुरजड होते, तोंड पाण्यात रुततं आणि अचानक एका बाजूला फिरते, जोरात असताना हे फार धोक्याचं. रिव्हर्स घेताना टॅब पूर्ण वर, खुंटांच्या भागात पूर्ण वर, मागून लाटा येत असल्या तरी वर.

जलपर्णीचा त्रास आहेच. नागपूरचं घाण पाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इथं येतं आणि त्यावर ती माजते, तिची मुळं टॅबच्या दांड्याला गुंडाळतात. घाटावर लागलो की वाकून हातानं काढतो.

परवा घाटावर तेच काढत होतो तर ते बाबा आले. आधी काही बोलले नाहीत, खाली बसले, पट्टीखाली हात घालून बिजागरी हलवून पाहिली. "हे खाली गेलं का तोंड खाली येते?" हो म्हटलं. मग विचारलं, पहाटे किती वाजता निघतोस. सहाला म्हटलं तर म्हणाले, त्या टायमाले आमी सात डोंगे पुलाच्या खालच्या अंगाला असतो, तिथं हळू घे.