धुतलेली नोट

मागच्या आठवड्यात दुपारी नाशिकरोडला बिटको चौकाच्या अलीकडच्या एका दुकानात गेलो होतो, डोकेदुखीची गोळी आणि टूथपेस्ट, बाकी काही नाही. पाचशेची नोट दिली. काउंटरवरच्या पोराने ती एका छोट्या जांभळ्या दिव्याच्या डब्यात सरकवली, एकदा नोटेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "काका, ही नाही चालणार."

मी वाकून डब्यात बघितलं. त्याच्या गल्ल्यातली एक नोट शेजारीच ठेवलेली होती, ती काळपट, नुसते नंबर चमकतायत आणि अंगावर इकडेतिकडे बारीक धाग्यांचे तुकडे. माझी मात्र अख्खीच्या अख्खी निळीपांढरी पेटलेली, आतून ट्यूबलाईट लावल्यासारखी. मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती, त्यातल्या एका मावशींनी पर्स जरा जवळ ओढली. मी गपचूप फोनवरून पैसे दिले आणि निघालो.

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं तर एवढं लागलं नसतं. पण माझे वडील प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की पेपर छापतात ती प्रेस नाही हे सांगायला लागत नाही, १९२८ पासून इथे नोटा छापतायत, आणि प्रेसवाल्याच्या पोराची नोट नाशिकरोडलाच खोटी म्हणून परत यावी म्हणजे काय राहिलं! बाबा असते तर त्यांनी त्या पोराला तिथल्या तिथे नोट कशी ओळखायची याचं पाऊण तासाचं लेक्चर दिलं असतं आणि गोळीची गरज त्या पोराला लागली असती.

घरी येऊन शर्ट आठवला. सोमवारी मशीनला टाकलेला, आणि त्याच्या खिशात ही नोट. म्हणजे गरम पाणी, दोन झाकणं पावडर आणि पाऊण तास गरगर. नोट खोटी नव्हती हो, नोट फक्त अतिशय स्वच्छ होती.

मी बीएस्सी केमिस्ट्री केलं आणि तीस वर्षं हिशेबाच्या वह्या तपासल्या, त्यामुळे केमिस्ट्रीचा विषय निघाला की मला जरा जास्तच उत्साह येतो, ते समजून घ्या. तर नोटेचा कागद हा कापसाचा असतो आणि त्यात मुद्दाम चमक घालत नाहीत, म्हणजे जांभळ्या दिव्याखाली कागद मेल्यासारखा पडून राहावा आणि फक्त नंबरांची शाई आणि ते धागे बोलावेत. आपला रोजचा झेरॉक्सचा कागद याच्या उलट, त्यात पांढरेपणा वाढवायचं केमिकल कोंबलेलं असतं. त्याच जातीचं केमिकल धुण्याच्या पावडरीत असतं, आणि ते कापसाला चिकटावं म्हणूनच बनवलेलं असतं. शर्ट पण कापसाचा, नोट पण कापसाची, त्या बिचाऱ्याला काय कळणार की यातला शर्ट कुठला.

या निळ्या उजेडाशी माझं जुनं भांडण आहे खरं तर.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट असेल, क्वार्टर्समधल्या गणपती मंडळाने त्या वर्षी कुठूनतरी काळ्या-जांभळ्या ट्यूबा भाड्याने आणल्या होत्या. मांडवाला आतून काळं कापड, त्यावर चकाकणाऱ्या रंगाने काढलेले चंद्र-तारे, आणि आत शिरलं की सगळ्यांचे दात चमकायचे, आम्ही आत जाऊन नुसते दात काढून हसत उभे. मग शेजारचा पोरगा आत आला. शाळेचा पांढरा शर्ट घालून. आणि तो शर्ट असा काही पेटला की सगळे देखावा सोडून त्याच्याकडेच बघायला लागले. माझाही पांढराच शर्ट होता, तसाच, त्याच शाळेचा! मी छाती पुढे काढून ट्यूबच्या खाली जाऊन उभा राहिलो. काही नाही. मळखाऊ राखाडी अंधार, नुसता गुंडीशेजारचा दोऱ्याचा एक टाका चमकत होता.

घरी जाऊन आईला विचारलं की माझा शर्ट तू नीट धूत का नाहीस. तिने त्या दिवशी मला मारलं नाही, हे मला अजून विशेष वाटतं. ती मोरीपाशी बसून वडीच्या साबणाने घासायची, मग बादलीत निळीची पुरचुंडी फिरवायची, आणि तिचा हात नेहमी जरा जास्त पडायचा त्यामुळे आमचे शर्ट पांढरे कमी आणि आभाळी जास्त असायचे. त्यात माझा शर्ट दादाचा उतरलेला. शेजारी मात्र नवीन पावडर आली होती.

कित्येक वर्षांनी कॉलेजात कळलं की नीळ आणि ती पावडर या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. नीळ कपड्याचा पिवळेपणा झाकते, म्हणजे परत येणाऱ्या उजेडातून थोडा काढून घेते. पावडरीतलं केमिकल डोळ्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट उजेड गिळतं आणि निळा करून बाहेर टाकतं, म्हणजे कपड्यातून पडलेल्यापेक्षा जास्त दिसणारा उजेड परत येतो. जाहिरातीतलं पांढऱ्याहून पांढरं हे खोटं नव्हतंच. १९२९ मध्ये क्राइस नावाच्या एका जर्मन माणसाने हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाचा रस वापरून कापडावर हाच खेळ केला होता, म्हणजे आमच्या मांडवाच्या साठ वर्षं आधी. आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं मग आता कोणाची चूक ते ठरलं का.

खरी गंमत पुढे आहे. पावडरीतल्या या केमिकलचा सांगाडा म्हणजे स्टिल्बीन, दोन बेंझिनच्या कड्या आणि मधे डबल बाँडचा पूल. त्याला उजेड पाजला की तो रेणू अंगात आल्यासारखा मधल्या बाँडभोवती पिरगळायला बघतो, आणि पिरगळला की मिळालेली सगळी एनर्जी हालचालीत आणि उष्णतेत वाया, उजेड नाही. पण तोच कापसाच्या धाग्याला चपटा चिकटून बसला की हलता येत नाही, मग काय करेल, उजेड टाकतो. हे सगळं एका सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात चालतं. लग्नात लाडू खाऊन चेकाळलेलं पोर बघा, हॉलमध्ये मोकळं सोडलं की पळून पळून दमतं, पण आजीने मांडीत घट्ट आवळून धरलं की किंचाळून मांडव डोक्यावर घेतं. हातपाय चालले नाहीत की तोंड चालतं.

आमच्या बारावीच्या प्रॅक्टिकलला ते फिनॉल्फ्थॅलिन असायचं ना, एक थेंब जास्त पडला की भसकन गुलाबी होणारं आणि मग शेजारच्याचं रीडिंग चोरायला लावणारं. बायर नावाच्या शास्त्रज्ञाने ते १८७१ मध्ये बनवलं आणि त्याच वर्षी त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा फ्लुओरेसिन पण बनवला. दोघांची ठेवण जवळपास तीच, फरक मुख्य असा की फ्लुओरेसिनमध्ये दोन कड्यांच्या मधे ऑक्सिजनचा एक अणू आडवा टाकलाय, दाराला अडसर टाकतात तसा. फिनॉल्फ्थॅलिनच्या कड्या मोकळ्या फडफडतात, तो रंग देतो पण चमकत नाही. फ्लुओरेसिनला अडसरामुळे फडफडता येत नाही, तो हिरवागार पेटतो, इतका की डोळ्याचे डॉक्टर त्याची नारिंगी पट्टी डोळ्याला लावून निळ्या दिव्यात बुबुळावरचा ओरखडा शोधतात. आईच्या डोळ्यात लावली होती तेव्हा मी तिथे उभ्याउभ्या डॉक्टरांना ऑक्सिजनच्या अडसराचं सांगायला लागलो, त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं.

तर नोटेच्या अपमानानंतर मी ऑनलाईन एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मागवली. यात एक सांगतो, स्वस्तातली ३९५ नॅनोमीटरवाली घेऊ नका, तिचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका असतो की बाकी काही धड दिसत नाही, ३६५ वाली घ्या, आणि डोळ्यात मारू नका, आणि बाथरूममध्ये नेऊ नका. बाथरूमचं का ते विचारू नका, आमच्याकडे त्यावर दोन दिवस अबोला होता.

मग रात्री अकरा वाजता सगळे दिवे बंद करून मी चोरासारखा स्वयंपाकघरात. आधी हळद. ग्लासभर पाण्यात चिमूटभर कालवली, टॉर्च मारली, गढूळ पिवळं पाणी, बस. कोरोनात घेऊन ठेवलेली सॅनिटायझरची बाटली अजून फ्रिजवर पडलीय, त्यातलं थोडं वाटीत ओतलं, तीच हळद, तीच चिमूट, आणि वाटी हिरवट पिवळी उजळली की हो, दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखी! गोडेतेलातही चमकली. पाण्यात गेली की हळदीतल्या पिवळ्या रंगाची, म्हणजे कुर्कुमिनची, एनर्जी पाण्याचे रेणू मधल्यामधे काढून घेतात, तेला-स्पिरिटात तेवढा त्रास नाही. रेणू तोच आहे, त्याला काही झालेलं नाही, फक्त बसलाय कुणाबरोबर ते बदललं. पालकाचं पान टॉर्चखाली धरलं तर जवळपास काळंच दिसतं, कारण पानात हरितद्रव्याला कामाला जुंपलेलं असतं, उजेड घेतला की पुढे स्वयंपाकाला दिला. पण पान कुटून स्पिरिटात काढलं की ते बेकार होतं आणि रिकामं बसून रक्तासारखं लाल चमकतं. हायलायटर पेनची शाई घट्ट असली की मिणमिणती, आणि एक थेंब बादलीत टाकला की बादली पेटते, कारण गर्दीत प्रत्येक रेणू आपली एनर्जी शेजाऱ्याकडे सरकवतो, तो पुढच्याकडे, या टेबलावरून त्या टेबलावर, आणि शेवटी काम होतच नाही, हे तर मी तीस वर्षं जवळून बघितलंय.

सगळ्यात भारी टॉनिक वॉटर. ते आणायला वाईन शॉपमध्ये जावं लागलं, तिथे नेमका मुलीच्या क्लासचा सर भेटला, असो. त्यात क्विनाइन असतं, मलेरियाच्या गोळीतलं, आणि ते टॉर्चखाली असं आभाळी निळं दिसतं की बघत राहावं. १८४५ मध्ये हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञाने खिडकीच्या साध्या उन्हात क्विनाइनच्या पाण्याच्या कडेला हीच निळाई बघितली, आणि सात वर्षांनी स्टोक्स नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने या प्रकाराला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं, फ्लुओरस्पार नावाच्या दगडावरून. त्या निळ्या ग्लासात मी चमचाभर मीठ टाकलं. ढवळलं. आणि निळाई विझत गेली, अगदी डोळ्यादेखत, पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यासारखी. रंग नाही बदलला, साका नाही बसला, मिठातला क्लोराइड नुसता जाऊन त्याला धडकतो आणि उजेड पडायच्या आत एनर्जी काढून घेतो. मिठाचा खडा पडला म्हणजे काय होतं ते मला पन्नाशीनंतर दिसलं.

बायको दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही. म्हणाली, "अहो, ते मीठ डब्यातून चमच्याने घेतलंत की हाताने?"

मी विषय बदलायला तिला फळांच्या टोपलीतलं केळं दाखवलं. पिकलेलं केळं टॉर्चखाली निळं दिसतं, हरितद्रव्य मोडून जे उरतं त्याची ती चमक, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये शोधून काढलंय. जळगाववाल्यांना इतकी वर्षं नुसतं पिवळं दिसत होतं. तिने केळं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, टॉर्च माझ्या हातातून काढून घेतली आणि ओट्यावर, गॅसच्या मागे, मिक्सरच्या खाली मारत गेली. आपण इतका ओटा पुसतो आणि हे एवढं सगळं राहतं हे बघून तिचा चेहरा जो पडला त्याला मी जबाबदार आहे असं ठरलं. त्या रात्री साडेबारापर्यंत ओटा घासला. दोघांनी.

नोटेचं म्हणाल तर ती पुन्हा धुवून बघितली, साध्या गरम पाण्यात. चिमट्याला लावून गॅलरीत वाळत घातली, मुलीने फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला, काकाने खाली विचारलं की नोटेला नीळ दिली का. उन्हाने हे केमिकल हळूहळू मरतं म्हणून मग तीन दिवस खिडकीत काचेखाली ठेवली. रात्री टॉर्च मारली तर चमकतीच आहे, उलट मला जरा जास्तच वाटली.

काल शेवटी जेलरोडच्या भाजीवाल्या मावशींकडे गेलो. त्यांच्याकडे डबा नाही, दिवा नाही. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, तीस रुपये, आणि ही नोट पुढे केली. मावशींनी ती दोन्ही हातांनी धरून उन्हाकडे केली, डोळे बारीक करून आरपार बघितली, अगदी बाबा बघायचे तशी, मग अंगठ्याने कडेच्या रेघा चाचपल्या आणि मान हलवली. नोट खरी. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग नोट परत माझ्या हातात देत म्हणाल्या, "सुट्टे द्या भाऊ, माझ्याकडं नाहीयेत."