विंगेतून चालवलेले नाटक

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथील कंपन्यांच्या गाड्या रोज नव्या गावाकडे धावत असतात. अशाच एका कंपनीत मी प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून नटांना संवाद पुरवणारा, आहे. गेल्या हंगामात एका गावी शंकरपटानिमित्त, म्हणजे बैलांच्या शर्यतीनिमित्त, लागलेल्या नाटकाच्या दिवशी आमचा नायक तापाने आडवा पडला, तिकिटे आधीच विकली गेली होती, आणि ज्याला ऐनवेळी उभे केले त्या दुसऱ्या कंपनीतल्या नटाने आमची संहिता पाहिलेलीही नव्हती.

अनोळखी संहितेतले अख्खे वाक्य नटाला पेलत नाही. त्याचे चार-चार शब्दांचे तुकडे करावे लागतात आणि मागचा तुकडा तोंडातून संपण्याआधी पुढचा कानावर पडावा लागतो. समोरचे पात्र बोलत असताना मी त्याला हालचालीही सांगत होतो: खुर्चीकडे जा, चिठ्ठी खिशात आहे, ही बहीण आहे, हात धरू नको. वर टांगलेल्या माइकने नेमके हेच शेवटचे वाक्य पकडले आणि मंडपात हशा पिकला. पण प्रॉम्प्टिंग कानावर पडण्याची आमच्या प्रेक्षकांना इतकी सवय आहे की पुढच्याच प्रवेशात बायका पदराने डोळे पुसत होत्या.

पोर्तुगीज नाटककार-दिग्दर्शक तियागो रॉड्रिग्ज यांच्या ‘सोप्रो’ची त्या रात्री मला वारंवार आठवण झाली. फ्रान्समधल्या आव्हिन्यों नाट्यमहोत्सवात 2017 साली झालेल्या या नाटकात त्यांनी लिस्बनच्या राष्ट्रीय नाट्यगृहातील प्रॉम्प्टर क्रिस्तिना विदाल यांना विंगेतून थेट रंगमंचावर आणले. काळ्या कपड्यांत, हाती संहिता घेऊन त्या नटांच्या मागे फिरत कुजबुजतात आणि नट विदाल यांच्याच कारकिर्दीतल्या आठवणी बोलून दाखवतात. (हेच रॉड्रिग्ज पुढे, 1947 पासून चालत आलेल्या त्या महोत्सवाचे पहिले परदेशी संचालक झाले.) युरोपात प्रॉम्प्टरचे काम जवळजवळ संपले आहे, म्हणून तिथे त्याचे नाटक होते. आमच्याकडे त्यावर रोजचा प्रयोग उभा असतो, तरी शहरी जाणकार त्याला कच्च्या तालमीचे लक्षण ठरवतात. आज या गावी, उद्या त्या गावी आणि नटांची कंपन्यांमध्ये सतत देवाणघेवाण असताना पक्की तालीम करायची तरी केव्हा?

पहाटे पडदा पडल्यावर नाटक लावणाऱ्या गावातल्या मंडळाच्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षासाठी हाच नायक हवा, असे आमच्या मालकांना बजावले. मालकांनी तोंडभर होकार दिला आणि माझ्याकडे वळून विचारले, “हा नसला तर दुसऱ्याकडून जमेल ना?”