ऑक्स नावाची फाईल उघडेना तेव्हा

एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी लिनक्सवर केलं होतं. आठ ट्रॅक, प्रत्येकाची वेगळी फाईल, सगळ्या एका एक्स्टर्नल डिस्कवर. मिक्सिंगसाठी ती डिस्क विंडोज १० च्या मशीनला लावली. सात फाईली लगेच उघडल्या, आठवी काही केल्या उघडेना. मिक्सरच्या ऑक्स आउटपुटवरून घेतलेला ट्रॅक, म्हणून तिचं नावही तेच ठेवलेलं: ए, यू, एक्स, आणि पुढे वेव्हचं एक्स्टेन्शन. गाणाऱ्याचा आवाज नेमका त्यातच होता.

फोल्डरमध्ये फाईल दिसत होती. आकारही तासाभराच्या ट्रॅकला साजेसा, ५०० एमबीच्या आसपास. पण हात लावला की ‘फाईल सापडत नाही’. कॉपी होईना, नाव बदलेना. डिस्कमधले दोष तपासणारं चेकडिस्क चालवलं, डिस्क ठणठणीत. ओळखीच्या एकाने सांगितलं, बाकीचं काढून घे आणि फॉरमॅट मार. ते ऐकलं नाही, याचं आजही समाधान वाटतं.

नावावर संशय आला म्हणून डेस्कटॉपवर एक रिकामी टेक्स्ट फाईल करून तिला ऑक्स नाव देऊन पाहिलं. विंडोजने सांगितलं, दिलेलं डिव्हाइसचं नाव चुकीचं आहे. फाईलच्या नावात डिव्हाइस कुठून आलं?

याचं मूळ डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. सीपी/एम या त्याहून जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रिवाजाप्रमाणे उपकरणांनाही फाईलसारखी नावं होती: स्क्रीन-कीबोर्डला कॉन, प्रिंटरला पीआरएन, मोडेमसारखी उपकरणं जोडायच्या सीरियल पोर्टला ऑक्स, आणि लिहिलेलं गिळून टाकणारं नल. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये चालू ठेवली. विंडोज १० मध्ये एक्स्टेन्शन लावूनही सुटका नाही. कॉम१ ते कॉम९ ही सीरियल पोर्टची आणि एलपीटी१ ते एलपीटी९ ही प्रिंटर पोर्टची नावं याच यादीत येतात. ऑक्स म्हणजे कॉम१. माझ्या मशीनला सीरियल पोर्टच नाही, त्यामुळे विंडोज डिस्क सोडून नसलेला पोर्ट शोधत होतं आणि ‘सापडत नाही’ म्हणत होतं.

यावर उपाय आहे तो पत्त्याच्या आधी \\?\ लावण्याचा. ही चार चिन्हं असली की विंडोज नावाची छाननी करत नाही, पत्ता आहे तसा फाईल सिस्टिमकडे, म्हणजे डिस्कवरच्या फाईली सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे देतं. मात्र मग पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण लागतो आणि सगळे स्लॅश उलटेच लागतात. मी पहिल्यांदा एक सरळ स्लॅश दिला आणि एरर खाल्ली. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, रेन (ren, नाव बदलण्याची कमांड) लिहिलं, जागा सोडून अवतरणचिन्हांत \\?\ आणि त्याला चिकटून पूर्ण पत्ता, पुन्हा जागा सोडून नुसतं नवं नाव. एंटर दाबल्यावर प्रॉम्प्ट मुकाट्याने पुढच्या ओळीवर आला. फाईल उघडली, आवाज पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत शाबूत होता. नको असलेली अशी फाईल डेल कमांडने याच पद्धतीने उडवता येते.

लिनक्सला या नावांचं वावडं नाही. त्याच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, सोर्स कोडमध्येसुद्धा ऑक्स नावाची सी भाषेतली फाईल आहे. म्हणून आता ट्रॅकला मी ऑक्सपुढे जोडरेघ आणि आकडा लावतो, तेवढ्याने नाव चालतं. शिवाय ती एनटीएफएस (विंडोजची फाईल सिस्टिम) असलेली डिस्क लिनक्सवर माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, ‘विंडोज_नेम्स’ हा पर्याय देतो. परवा सवयीने नुसतं ऑक्स लिहिलं, तर लिनक्सनेच फाईल बनवायला नकार दिला.