मोनेटा देवीमागची ऐरण

नाशिकच्या सराफ बाजारात आमच्या घरी देवांचे टाक घडतात. त्यामुळे जुनं नाणं दिसलं की राजा कोणता हे मी नंतर बघतो; आधी बघतो, देव ओळखू यावा म्हणून कारागिरानं काय केलंय.

रोमन देनारियस म्हणजे जेमतेम १८-२० मिलिमीटरची चांदीची चकती. एवढ्याशा जागेत सगळी भिस्त खुणांवर. शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा, पानांचा मुकुट ल्यालेला अपोलो, हाती वज्र घेतलेला ज्युपिटर. इ.स.पू. २११च्या सुमारास निघालेल्या पहिल्या देनारियसवर तर भाले रोखून दौडणारे दोन घोडेस्वार आहेत: कॅस्टर आणि पोलक्स, जुळे देव, दोघांच्या डोक्यांवर एकेक तारा. खंडोबाचा टाक ज्यांच्या देवघरात आहे असं आमच्याकडचं कुठलंही म्हातारं माणूस ते नाणं आधी कपाळाला लावेल, याची मला खात्री आहे.

पण माझा जीव जडलाय तो इ.स.पू. ४६मधल्या एका नाण्यावर. टायटस कॅरिसियस हा त्या वर्षीच्या टांकसाळ अधिकाऱ्यांपैकी एक. त्याच्या नाण्यावर पुढे मोनेटा देवीचं मुख आहे. हे जूनो या रोमन देवीचंच रूप. रोमची टांकसाळ कॅपिटोलाइन टेकडीवरच्या तिच्या देवळाजवळच होती. आणि मागच्या बाजूला ऐरण, ठसा, सांडशी, हातोडा, भोवती पानांची माळ! हे अधिकारी एरवी नाण्यांवर आपल्या घराण्याचे पराक्रम मिरवायचे. इथे मान मिळालाय तो हत्यारांना. खंडेनवमीला आम्ही हीच हत्यारं धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून पूजतो. त्यामुळे ती मागची बाजू मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

काम कसं चालायचं? खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर तापवलेली चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि मग घाव. हात जरा हलला की देवाचं नाक काठाबाहेर. अशी कितीतरी नाणी तशीच बाजारात गेली. मला तीच जास्त आवडतात, कारण त्यांत ठोकणाऱ्याचा हात दिसतो.

असा हात बघायला रोमलाच जायला हवं असं नाही. १९०६ साली गोदाकाठच्या जोगलटेंभीत नहपान या क्षत्रप राजाची १३,०००हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलाय, आणि काहींवर त्याखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. आंजनेरीच्या नाणे संग्रहालयात गेलात तर काचेपाशी जरा जास्त वेळ थांबा, आणि घाव कुठे बसलाय ते शोधा.